खलनायकाचा आवाज आणि कलम चार

वाचक मंडळाचे अध्यक्ष आणि आमचे दाजी,

गुडघा वाकेल तितका वाकून नमस्कार. तुमची झोप कशी आहे? ताईची पाठ? आपण पुस्तकं वाचणारी माणसं, दाजी, आणि आपल्या सगळ्यांचं दुखणं एकच: आपण तोंड उघडलं की घरातले टीव्हीचा आवाज वाढवतात. टीव्हीवर कोण? तोच मुखवटेवाला, मनगटातून जाळं फेकून इमारतींवरून लोंबकळणारा. त्याचे चित्रपट, त्याची चित्रकथांची पुस्तकं, त्याच्या चित्राचे टॉवेलसुद्धा! म्हणून तर त्याच्या नव्या चित्रपटावर मी बहिष्काराचा ठराव लिहिला. कलम चार माझंच: 'या चित्रपटास कोणत्याही प्रकारे साह्य करणाऱ्याचे सभासदत्व त्याच क्षणी रद्द.' ('त्याच क्षणी' तुम्हाला जास्त वाटलं होतं. मीच अडून बसलो.) रविवारी तो ठराव सभेपुढे येतोय आणि मी पुरता हादरलोय. अक्षराला हसू नका.

गेल्या महिन्यात झालं असं. नव्या चित्रपटाला मराठी आवाज देण्याचं काम आमच्या मागच्या गल्लीतल्या स्टुडिओत चाललंय, असं कळलं. मी निषेधाला गेलो. एकटाच. (बाकीचे अकराही जण येणार होते, सगळ्यांचे दात त्याच दिवशी दुखले.) दाराबाहेर उभा राहून दणदणीत बोललो. म्हटलं, मुखवट्याआड लपणाऱ्याच्या हाती शहर सोपवणाऱ्यांनो, ज्याला चेहरा नाही त्याला जाब कोण विचारणार? दार उघडलं. गळ्यात हेडफोन अडकवलेली रेकॉर्डिंगवाली बाई बाहेर आली. वाटलं, हाकलणार. तर म्हणाली, "काका, अस्संच! फक्त आत येऊन बोला."

आत माईक होता. (माझं आणि माईकचं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या निवृत्तीला दोन शब्द बोलायला उभा राहिलो आणि पाहुण्यांची शेवटची बस गेली.) मला वाटलं, माझा निषेध नोंदवून घेतायत, केवढं मोठं मन! अट एकच: पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलतील तेव्हाच बोलायचं. काळ्या कोटातले एक गृहस्थ गच्चीवरून जमावापुढे बोलत होते. त्यांची वाक्यं कागदावर दिली होती. वाचली आणि थिजलो. सगळं माझंच! चेहरा, जाब, सगळं. मी जीव ओतून बोललो. मग विचारलं, हे विचारवंत कोण?

"खलनायक," बाई म्हणाली. "आता अनाथाश्रम पाडतो."

मी खाली बसलो. पाणी मागितलं. म्हटलं, अहो, त्याच्या मुद्द्याचा अनाथाश्रमाशी काय संबंध?

"त्याशिवाय लोकांना तो वाईट कसा वाटेल, काका? एरवी बरोबरच बोलतोय."

दाजी, झोप उडाली. शत्रू नीट समजून घ्यावा म्हणून त्या मुखवटेवाल्याच्या चित्रकथेचे सहा अंक वाचले. दोनदा. तो रोज कामावर उशिरा पोचतो, साहेबाची बोलणी खातो आणि उशीर का झाला ते कुणालाही सांगत नाही. इतकं चांगलं काम करून त्यावर भाषण न करणारा माणूस मी जन्मात प्रथमच पाहिला!

असो. तत्त्व म्हणजे तत्त्व. एकतीस वर्षांत माझं शेवटपर्यंत ऐकून घेणारी माणसं आपल्या मंडळाबाहेर कुठेही भेटली नाहीत; तरी माझं नाव वहीतून काढा. हे पत्र सभेत मोठ्याने वाचा. दया नको.

तुमचा (आजवरचा) सभासद आणि मेहुणा

ता. क. पत्र सभेत वाचू नका. काल मफलर गुंडाळून, केवळ उच्चार तपासायला म्हणून, चित्रपटाला गेलो. मागून कुणीतरी टपली मारली. "बाळ्या, मफलर काढ, मला दिसत नाहीये. आणि तुझाच आवाज ना तो? पहिल्याच दिवशी ओळखला मी." आपल्या मंडळाच्या चिटणीस, म्हणजे आमची ताई! तिची ही तिसरी खेप. तिकीट काढणं हेही साह्यच, दाजी. चौथ्या कलमात तीही सापडते. घरी मात्र मी सांगितलं म्हणू नका.

ता. क. २. खलनायक मेलेला नाही. पुढच्या भागात परत येतोय, रेकॉर्डिंग सोमवारपासून. मी हो म्हटलंय. अनाथाश्रम पाडायचा नाही, एवढी अट घातली आहे. बाई 'बघू' म्हणाली.

तेव्हा उठा, दाजी! पेन घ्या, आणि रविवारी सभा सुरू होण्याआधी कलम चार खोडून टाका. त्याच क्षणी.