अब्बांचं गवत

प्रिय इरम,

फोनवर बोलताना तुझे अब्बा शेजारच्याच पलंगावर असतात, म्हणून हे लिहितेय. तू दर वेळी विचारतेस, "अम्मी, मशीन नीट चालतंय ना?" मी हो म्हणते. ते खोटं नव्हतं.

अंगण ते केवढंसं, पण त्यातलं गवत आपोआप कापणारं यंत्र निवडताना तू किती जीव ओतलास! जर्मनीत बसून फोटो मागवलेस, घर आणि विहीर यांच्यामधला बोळ मला टेपनं मोजायला लावलास. उपग्रहावरनं वाट शोधणारं यंत्र चाफ्याखाली, भिंतीलगत वाट चुकेल म्हणालीस. यंत्राला हद्द कळावी म्हणून कडेनं तार पुरायची, तर अब्बांच्या मोगऱ्याची मुळं तुटणार. शेवटी कॅमेऱ्यानं वाट ओळखणारं, चढावरही न घसरणारं, मांजर आडवं आलं तरी थांबणारं असं लहानसं यंत्र पसंत केलंस. तुझी निवड चुकली नाही गं. मुडशिंगीतली माणसं ते बघायला यायची.

कंपवातानं हात थरथरायचे, तरी अब्बा गवत कात्रीनंच कापायचे. बोट कापलं, रक्त थांबेना, तेव्हा मीच रडत तुला फोन केला होता. सगळी हयात फाउंड्रीत काढलेला माणूस. चहाचा कप धरवत नव्हता, पण कात्री सुटत नव्हती. उठल्याबरोबर स्वतःहून गोळी मागायचे, कारण गोळीनं हात थोडा वेळ ताब्यात यायचे आणि तेवढ्यात एखादा कोपरा कापून व्हायचा. ते गोळी कशासाठी घेतात, हे मला तेव्हा उमगलंच नाही.

यंत्र आलं त्या दिवशी ते पायरीवर बसून बघत होते. विहिरीला वळसा घालून यंत्र बोळातनं बरोबर मागं गेलं. मी पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. अब्बा म्हणाले, "ब्येस हाय की. आता माझं काय काम न्हाय." मला वाटलं, कौतुक करतायत.

त्यानंतर ते अंगणात उतरले नाहीत. मी घाबरून यंत्र बंद केलं, गवत वाढू दिलं, कात्री आणून हातात दिली. "कुणासाठी नाटक करालीस?" म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

आता ते गोळी घेत नाहीत. तोंडात धरतात आणि माझी पाठ वळली की थुंकतात. अंग लाकडासारखं झालंय, पाणी पितानाही ठसका लागतो. डॉक्टरांनी बजावलं, मी भांडले, हातापाया पडले. काल म्हणाले, "कुलसुम, बास झालं. मला राहू दे." आवाज इतका बारीक, की कान तोंडाशी न्यावा लागला. इरम, तुला दोष द्यायला हे लिहिलं नाही. त्यांची समजूत काढायला ये, असंही म्हणत नाही. ती आशा माझी संपली. त्यांचा शब्द कळतोय तोवर ये. हे एकटीला बघवत नाही.

तुझीच, वाटेकडं डोळे लावलेली,
अम्मी