बोअरचं लाल पाणी

पुणे, ४ सप्टेंबर २०२३

ती. सत्यशीला मावशीस,
उत्कर्षाचा सविनय जयभीम.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून खोक्यातच चिठ्ठी ठेवते आहे. पुन्हा रिकाम्या बाटल्या पाठवल्या आहेत, तुमच्या बोअरच्या पाण्यानं भरून पाठव. पाण्यात लोह किती ते मिनिटभरात सांगणारी बोटभर पट्टी करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. इथे प्रयोगशाळेत लोह कालवलेल्या पाण्यात ती अचूक आहे, आणि तुमच्या पाण्याशी गाठ पडली की आंधळी होते. बोअर मारला तेव्हाच्या रिपोर्टात लोह भरपूर, तुझ्या बादलीला तांबडे डाग, आणि पट्टी म्हणते काहीच नाही. मोठ्या यंत्रावर तपासायला इथे महिनोन्महिने नंबर लागत नाही. डिसेंबरात कामाचा आढावा घेणारी समिती बसेल. तोवर जमलं नाही तर काम बंद. मावशी, फार दमले गं.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी, उत्कर्षा

भिलाई, १९ सप्टेंबर

चि. उत्कर्षा हिस,
मावशीचा जयभीम व भरभरून आशीर्वाद.

बाटल्या पाठवून राहिली आहे. तुझे काकाजी स्वतः स्कूटरवर पावर हाउसच्या बाजारात घेऊन गेले आणि कुरिअरवाल्याला म्हणाले की आमच्या पोरीचं सायंटिस्टचं काम आहे, खोकं उलटं ठेवशील तर याद राख. बिचारा घाबरलाच. रिटायर होऊन कारखान्याचं सेक्टर दहाचं क्वार्टर सोडलं, पण काकाजींचं मन अजून तिकडच्याच स्वच्छ नळाखाली आहे. पाण्याची तू काळजी करू नको, तुझ्या नावाला बट्टा लागेल असं मी काही पाठवत नाही. दमली म्हणतेस ते वाचून मले रडू आलं. वेळेवर जेवत जा.

माया आहे, ती राहीलच.
तुझी मावशी

पुणे, १२ डिसेंबर

ती. मावशीस,
सविनय जयभीम.

समिती बसली. अध्यक्षांनी विचारलं की लाल पाण्यातलं लोह जिला दिसत नाही, त्या पट्टीवर लोकांनी भरवसा का ठेवावा. मीच म्हटलं, पट्टीत दोष आहे, काम बंद करा. सही करून बाहेर आले तेव्हा हलकं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. आता इतरांच्या प्रयोगशाळांत आग विझवायची नळकांडी जागेवर आहेत का ते बघायचं काम मिळालं आहे. बाटल्या आता नकोत.

काकाजींना जयभीम.
तुझी, उत्कर्षा

भिलाई, २३ डिसेंबर

चि. उत्कर्षा हिस,
जयभीम व आशीर्वाद.

पत्र ऐकून काकाजी धड जेवले नाहीत. त्या अध्यक्षाला आपलं पाणी लाल आहे हे सांगितलं कोणी? मी तर एकही बाटली लाल पाठवली नाही. दर वेळी तुरटी फिरवली, पाणी निवळू दिलं, वरचं नितळ तेवढं मलमलच्या कपड्यातून गाळून भरलं. तुझ्या हापिसात मोठमोठे लोक. उत्कर्षाच्या घरचे असलं पाणी पितात, असं त्यांनी काहून म्हणावं? तुझ्या आजीला विहिरीवर काय काय ऐकावं लागलं, ते मी लहानपणी पाहिलं आहे. तुले पाण्यावरून कोणी एक शब्द बोलू नये, एवढंच मनात होतं.

मन लहान करू नको.
तुझी मावशी

पुणे, ३० डिसेंबर

ती. मावशीस,
सविनय जयभीम.

आधी हसले, मग खूप रडले. पट्टी खरं सांगत होती गं! तुरटीनं लोह खाली बसलं, तू ते मागेच ठेवलंस, आणि पट्टी म्हणाली, नाही. बाटलीत मी आधीच टाकून पाठवलेल्या थेंबभर आम्लानं लाली विरघळतेच, म्हणून स्वच्छ पाणी पाहून मला शंका आली नाही. बाटल्या भरायला मी स्वतः यायला हवं होतं. तुझ्यावर राग नाही.

खरं सांगते, पहिल्यांदा आनंद झालाच नाही. पुन्हा सगळं मांडायचं, पुन्हा त्यांच्यासमोर उभं राहायचं, या विचारानंच पुन्हा दमले. शिवाय काम उघडायचं तर लेखी द्यावं लागेल की ते लाल पाणी माझ्या घरचं आहे, आणि लाजेपोटी गाळलं गेलं. तू जे झाकलंस ते मी चारचौघांत कसं मांडू? तू नको म्हणालीस तर लिहिणार नाही.

तुझी, उत्कर्षा

भिलाई, ६ जानेवारी २०२४

चि. उत्कर्षा हिस,
जयभीम.

तुझं पत्र दोन दिवस डब्यात ठेवून शेवटी काकाजींना वाचून दाखवलं. मग त्यांनी बोअर सुरू केला आणि म्हणाले की पाणी जमिनीतून लाल येते, त्यात आपण काहून शरमायचं. दमली असशील तर आधी इथं येऊन झोप काढ. बाटल्या सोबत आण, तुझ्या हातानं भर. मग लिही, सगळं लिही. कोणाच्या घरचं पाणी असं विचारतील, तर घरची माणसं असं मोघम लिहू नको. नाव घाल.

सत्यशीला शामसुंदर गजभिये