बेलाच्या जुडीतून आलेला सरडा

निंगप्पाअण्णास प्रेमलाचा नमस्कार. बेल बांधताना माणसानं बघून बांधावा. देवाला पाठवताय, गुरांना कडबा नव्हे. तुमचा गुडघा कसा आहे, वैनींचं पित्त कसं आहे ते मागनं विचारते, आधी हे वाचा.

तीन सोमवार झाले. गुंडा दूधवाल्याच्या गाडीतून नेहमीसारखी तुमची जुडी आली (चिठ्ठी नाही, निरोप नाही, दोन वर्षं मंद्रूपहून नुसता बेलच येतोय). सुतळी अशी आवळलेली की विळीवर कापावी लागली. सासूबाई पिंडीवर पानं वाहायला बसल्या, तर तिसरं पान चालायला लागलं. हिरवा सरडा, आपल्या बेलावर असायचा तसला, शेपटीची गुंडाळी करणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. पुढचा पाय सुतळीनं पार हाडापर्यंत कापलेला. तसाच लंगडत पिंडीवर चढून बसला. मी झाडू घेतला, तर सासूबाईंनी हात जोडलेले. "हात लावू नको गं, देव आलाय." देव लंगडत कशाला येईल, असं मी म्हटलं, तर झाडूच माझ्या हातातून काढून घेतला.

त्यांनी त्याच्यापुढं दूधसाखर ठेवली. बघेना. शिरा ठेवला. बघेना. शिऱ्यावर माशी बसली तशी जीभ बाहेर आली (अंगाहून लांब, खरं सांगते) आणि माशी आत. लिंगायताच्या देवघरात, पिंडीवर बसून, सोमवारी. सासूबाई उठल्या, परत अंघोळ केली आणि म्हणाल्या, "आता काय करायचं ते तू कर."

मग चपलांच्या खोक्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेला. रिक्षावाल्यानं विचारलं खोक्यात काय, मी खरं ते सांगितलं, त्यानं मला नवी पेठेत भर गर्दीत उतरवलं. पुढं चालत गेले. निवेदिता म्हणून कोवळी डॉक्टरीण आहे. तिनं जखम धुतली, मलम दिलं, वनखात्यालाही तिनंच फोनवर कळवलं. म्हणाली, "मावशी, जंगली जीव आहे, पाळायचा नाही. पाय टेकला की ज्या झाडावरून आला त्याच झाडावर सोडायचा." मी म्हटलं, पाळतंय कोण, मला तर बघूनच शिसारी येते.

तेव्हापासून तो गॅलरीत, कढीपत्त्याच्या कुंडीवर. सकाळ-संध्याकाळ मलम मी लावते. खालच्या मजल्यावरच्या रशीदाआपा मोकळ्या प्लॉटमधून नाकतोडे डब्यात भरून आणतात (आमच्या घरात जीव पकडायचा नाही, त्यांच्या डब्यातून उडाला तर आमच्याकडं दोष नाही, असं सासूबाईंनी ठरवलंय). आणि सासूबाई रोज आतून ओरडून विचारतात, "देव जेवला का?"

लई रागीट आहे. जवळ गेलं की फुगतो, काळा पडतो, एक डोळा माझ्यावर आणि दुसरा दाराकडं. दोन वर्षांमागं महेश्वरीच्या लग्नात तुम्ही मांडवात असेच उभे होता, मी व्याह्यांसमोर आमटी करपलीय म्हटलं तेव्हा. करपली होती ती करपली होती. तुमच्या लेकीचं लग्न म्हणून करपलेली आमटी गोड लागत नाही. खोटं बोलायला मला कुणी शिकवलं नाही, शाळेतच दुसरीपर्यंत गेले.

फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता. पत्रही ठेवून द्याल, पण वैनी वाचतील. तर आता पाय बरा आहे, त्याला न्यायला गुंडाला सांगा, आणि इथून पुढं बेल बघून बांधा. गुडघ्याला तेल लावत जा. वैनींना चहा कमी करायला सांगा.

तुमची बहीण,
प्रेमला

ता. क. गुंडाला विचारलं. सरड्याला हात लावणार नाही म्हणतो.

ता. क. पाय तसा गेल्या सोमवारीच टेकला. पत्र लिहायला वेळ लागला. तो माझ्याच हातावर चढतो, दुसऱ्याच्या नाही, त्यामुळं आपल्या अव्वानं लावलेल्या माहेरच्या बेलावर सोडताना मीच तिथं पाहिजे. खोकं लहान आहे, एसटीनं एकटी येईन. पण बोलावल्याशिवाय येणार नाही.

ता. क. आमटी जरा करपली होती. फार नव्हती. राखीपौर्णिमा शुक्रवारी आहे. बुधवारपर्यंत कळवा.