आईच्या ताटातलं पाकिटाचं मीठ

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, बाप असलात तरी आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही. तुम्ही असताना तुमच्या आवाजापुढे कुणाचं चाललं? धरणाच्या पाण्यात गाव गेलं आणि आपण रामनगरला आलो, तेव्हापासून सरकारी शिक्का दिसला की तुमच्या कपाळाला आठी पडायची. "आधी शेत घेतलं, आता ताट घेत्यात," म्हणायचात. हातसडीचा तांदूळ, रानातला मध, कंद, पोत्यातलं खडेमीठ असं सगळं आपल्या पडवीत विकायला असायचं, पण विक्रीपेक्षा तुमचं भाषणच जास्त. उळवीच्या जत्रेहून परतणारी माणसंही थांबून ऐकायची. हायब्रीड बियाण्याबद्दल तुम्ही बोललात ते बरंचसं खरं ठरलं, हे मी आजही चारचौघांत सांगते. मिठाच्या बाबतीत मात्र तुम्ही साफ चुकलात.

नव्वदच्या सुमारास आईचा गळा सुजायला लागला. बेळगावच्या डॉक्टरांनी गलगंड आहे म्हणून सांगितलं, आयोडीनचं पाकिटातलं मीठ वापरा म्हणाले. मी पाकीट आणलं. मला अजून दिसतं, पडवीत पाच-सहा जण बसलेत आणि तुम्ही ते पाकीट सगळ्यांसमोर उचलून धरता.

"ह्यात काय घातलंय ठाव हाय? माणूस मऊ पडायचं औषध. मऊ पडला की रान सोड म्हटलं तरी व्हय म्हणतोय!"

"आबा, पण डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर कुणाचा? त्येंचाच न्हवं!"

पाकीट शेणखड्ड्यात जातं. आई दारामागे गळ्याभोवती पदर घेऊन उभी आहे. तिला घास गिळताना त्रास व्हायचा, ते तुम्हालाही दिसत होतं. तुम्ही रोज, न चुकता, आपल्या हातानं तिला रानपाल्याचा लेप लावायचात. त्यामुळे मला तुमचा धड रागही करता येईना.

पण आपल्याकडे खडेमीठ तसंच आमटीत कोण घालतं? वाळू खाली बसावी म्हणून ते मडक्यात विरघळवायचं आणि वरचं पाणी वापरायचं. ते काम माझं होतं. मी दुसरं पाकीट आणलं आणि मडक्यात तेच विरघळवायला लागले. पोतं भरलेलं दिसू नये म्हणून खडेमीठ म्हशींच्या आंबोणात टाकायची. तुम्ही आमटी भुरकून मंडळींना सांगायचात, "बघा समुद्राच्या मिठाची चव! कंपनीच्या मिठाला येतीया व्हय?" आई मान खाली घालून वाढत राहायची. गळ्याची सूज थांबली, वर्षभरात घास सरळ उतरू लागला. तुम्ही श्रेय पाल्याला दिलंत. मग लोक पाला न्यायला येऊ लागले. एक बाई तर मुलीला घेऊन नंदिगड्ड्याहून आली. मी तिला परसदारी गाठून गुण पाल्याचा नाही, पाकिटातल्या मिठाचा आहे ते सांगितलं, एक पाकीटही दिलं.

तुम्हाला फसवलं याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फसवीन. हे पत्र मात्र तुम्ही असतात तरी पोस्टात टाकलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला कळलेलं मला चाललं नसतं. ते मीठ मडक्यात घालण्याआधी आठ दिवस मी एकटीच खात होते, भाकरीवर घेऊन, गोठ्यात लपून. तुम्ही म्हणायचात तसं खरंच माणूस मऊ पडतो का, ते आधी माझ्यावर बघितलं आणि मगच आईला वाढलं.