डाव्या बुटातली नाडी

प्रिय बाबा,

फोनवर बुटांचा विषय निघाला की तुम्ही गावच्या आंब्यांवर घसरता, म्हणून कागद घेतला. आता शेवटपर्यंत वाचा.

नायगावच्या पोलीस क्वार्टर्समध्ये दर रविवारी तुम्ही माझे शाळेचे बूट ओल्या फडक्याने पुसायचात, नाड्या काढून त्यांची गुंडाळी डाव्या बुटात ठेवायचात. मी हसले की म्हणायचात, "वस्तू नीट दिसाक व्हयी गो." गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत एका खुनाच्या खटल्यातलं खोकं उघडलं. आत स्वच्छ बूट, डाव्यात नाड्यांची गुंडाळी. लेबलवरची, मुद्देमाल सांभाळणाऱ्याची सही वाचायच्या आधीच मी तुम्हाला ओळखलं. त्याच दिवशी साहेबांना नातं सांगून मी बाजूला झाले. तपासणी माझ्या सहकारी सुरुचीने केली. ती माझ्यापेक्षा खडूस आहे.

बूट विकास नावाच्या मुलाचे. चार वर्षं तो आत आहे. पोलीस म्हणतात, खून झाला त्या दुपारी तो तिथेच, शीवच्या खाडीत होता, बुटांना तिथलाच चिखल होता. तो म्हणतो, मी परळच्या बंद गिरणीत भिंतीवरचं रान काढत होतो. बाबा, तुम्ही वरचा चिखल पुसलात, शिवणीतला नाही. खाडीच्या चिखलात तिवराचे परागकण बारा महिने मुरलेले असतात. सुरुचीला एकही सापडला नाही. सापडले ते ओल्या भिंतीवर उगवणाऱ्या नेच्याचे बीजाणू, शेकड्यांनी. डोळ्यांना न दिसणारी ही धूळ वर्षानुवर्षं टिकते, हे मी छातीठोकपणे सांगते.

घोडं अडलंय ते वेगळ्याच जागी. पंचनाम्यात 'चिखलाने माखलेले बूट' लिहिलंय आणि खोक्यातून निघाले चकचकीत. पुसल्याची नोंद कुठेच नाही. सरकारी वकील म्हणतात, हे बूट ते नव्हेतच. ते तेच आहेत, हे सांगू शकणारा माणूस एकच.

आई म्हणाली, समन्स घेऊन आलेल्या शिपायाला तुम्ही 'आठवत नाही' म्हणालात. तीस वर्षांच्या नोकरीला डाग लागेल, ही भीती मला कळते. लागेल थोडा. पण विकासची आई, मायाताई, दर तारखेला कोर्टाच्या पायरीवर बसलेली असते. तिच्यासमोरून जाताना मला तुमची लाज वाटायला नको आहे. तुम्हाला सगळं आठवतं, बाबा. मंगळवारी अकराला या, मी कोर्टाच्या दारात उभी असेन. आणि बुटांना गावची माती लागली असेल तर लागू दे, पुसू नका.

तुमचीच,
प्राची