अर्धवट उघड्या दाराची वाटणी

मी, खाली सही करणारा, धंद्याने सिनेदिग्दर्शक, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र वकीलबाईंना सांगून लिहवून घेत आहे. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी उत्साह आवरायला सांगितला आहे, पण तो काही आवरत नाही, कारण माझ्या शेवटच्या सिनेमाचा शेवट मला काल सापडला! वकीलबाई म्हणतात, आधी घर. बरं.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीच्या नावे. माणसांच्या मनातल्या भीतीवर सिनेमे काढणाऱ्याशी तिने संसार केला आणि एकदाही घाबरली नाही. माझा एकही सिनेमा तिने शेवटपर्यंत पाहिलेला नाही, झोप लागते म्हणे. तरी घर तिलाच.

२. माझ्या सिनेमांतला गुन्हेगार खोटे बोलण्याआधी चष्मा पुसतो. थोरला भाऊ गावभर सांगत फिरतो की तो माणूस त्याच्यावरूनच बेतला आहे. होय दादा, तो तूच. लहानपणी तू फोडलेल्या बरणीचे खापर माझ्यावर फोडताना हेच करत होतास. सिनेमांत वापरलेले सगळे चष्मे तुला.

३. काचेचे दार. माझ्या प्रत्येक सिनेमात हेच दार अर्धवट उघडे असते. आत कोणी बोलते, बाहेर कोणी ऐकते, आणि कॅमेरा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. माझा विषय एकच: घरात लपवलेली गोष्ट सगळ्यात आधी गप्प बसणाऱ्याला कळते. एका समीक्षकाने लिहिले होते की या दाराचा आता कंटाळा आला. दार त्याच्याच घरी पाठवायचे ठरवले होते. तो बेत रद्द, कारण ते दार आता मुलीला द्यायला हवे, का ते पुढच्या कलमात.

४. शेवटचा सिनेमा, सर्व हक्क आणि सर्व चित्रीकरणासह, मुलीला. ती माझी सहदिग्दर्शक. शेवटच्या दृश्यात आई आपला आजार लपवते आणि लेक दाराबाहेरून ऐकते. नटीने टेकवर टेक दिले, पण प्रत्येक वेळी ती ऐकण्याचा अभिनयच करत होती. तेव्हा मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, हा शेवट जमत नाहीये. शूटिंग थांबवा."

माझे डोके फिरले. "सिनेमा मला शिकवू नकोस," म्हणालो. तेव्हापासून आमचे बोलणे तिच्या आईमार्फत.

काल मी बाद झालेले टेक लावून पाहिले. एकात दार जरा जास्त फिरले आहे आणि काचेत कॅमेऱ्यामागे उभी असलेली माझी मुलगी दिसते. म्हणून तो टेक तिने स्वतःच बाद केला होता. ती नटीकडे बघत नाही, माझ्याकडे बघते आहे. त्या वेळी मी कोपऱ्यात छाती दाबून उभा होतो आणि माझ्या दुखण्याचा घरात कोणाला पत्ता नाही अशा समजात होतो. आयुष्यभर जो चेहरा शोधला, तो काचेत होता. शेवट तिला वाईट वाटलाच नव्हता. तिला मला घरी न्यायचे होते.

सिनेमाचा शेवट तोच टेक! मात्र चेहरा तिचा आहे, ठेवायचा की नाही हे तिने ठरवावे.

५. वारसाने साक्षीदार असू नये म्हणून वकीलबाईंनी मुलीला बाहेर बसवले आहे. खोलीचे दार अर्धवट उघडे आहे. भावाच्या चष्म्यांच्या वेळी बाहेरून तिचे हसू ऐकू आले. मी मुद्दाम मोठ्याने सांगतो आहे. माझ्या एकाही सिनेमात ते काचेचे दार कोणी पूर्ण उघडले नाही. सह्या झाल्या की हे दार मी स्वतः उठून उघडणार आहे.

सही: दिग्दर्शक
साक्षीदार: १. शेजारचे शिंपीकाका २. माझा कॅमेरामन
स्थळ: राहत्या घरातली बैठकीची खोली
दिनांक: सात मार्च

वकीलबाईंची नोंद: दुसऱ्या साक्षीदाराची सही होण्याआधीच दार बाहेरून उघडले गेले. उरलेली सही वारसाच्या समोर झाली. तिला पुन्हा बाहेर पाठवणे मला जमले नाही.