उभा फोटो

२८ ऑगस्ट २००१, मंगळवार

उदगीरहून नकार आला. तिसरा! "मुलगी चांगली हाय, पण आमाला आधी सांगायचं होतं," असा निरोप. बरोबरच आहे त्यांचं. राग मला त्यांचा नाही येत. राग येतो अप्पांनी स्थळांना पाठवलेल्या त्या फोटोचा — मी खुर्चीत बसलेली, साडीच्या निऱ्या पार जमिनीपर्यंत, कुबडी पडद्यामागं. बायोडाट्यात उंची, रंग, रास, मामाचं गाव, सगळं आहे. पोलिओनं गेलेला डावा पाय तेवढा नाही. मग पाहुणे येतात, पोहे खायला घेतात, मी आतून चालत येते आणि चमचे थांबतात. उदगीरच्या बाईनं तर दाराशी जाऊन परत यायला सांगितलं. गेले आणि आले. काय करणार?

अप्पा म्हणतात, "आधी घरात तर येऊ दे लोकायला. तुझा सभाव कळला की पायाचं काय एवढं न्हाई." स्वभाव कळेपर्यंत आजवर थांबलंय कोण!

२ सप्टेंबर, रविवार

आज दिवसभर स्टँडसमोरच्या माझ्या एसटीडी बूथवर गर्दी. दुपारी मामाच्या राजेश्वरचा पुण्याहून फोन. तो तिथं कंपनीत आहे. म्हणाला, ताई, आता माणसं स्वतःची वेबसाइट काढतात. फोटो टाकायचा, माहिती लिहायची, कुणीही कुठूनही बघावं.

तेव्हापासून डोक्यात तेच. माझं स्वतःचं एक पान असेल तर त्यात मी उभी असेन. पाहुण्यांना पत्ता द्यायचा — आधी बघा, मग या. अप्पांचा बायोडाटा अप्पांकडं राहू दे. हे माझं. पुन्हा कुणी मला चालून दाखव म्हणायला नको, एवढंच पाहिजे.

६ सप्टेंबर

राजेश्वरच्या ओळखीच्या माणसानं वेबसाइटच्या खर्चाचा आकडा सांगितला. मी हसून फोन ठेवला. औरंगाबादला वेबसाइट करणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "प्रॉडक्ट काय आहे आपलं?" प्रॉडक्ट मीच, असं अगदी ओठांवर आलं होतं.

९ सप्टेंबर, रविवार

सापडला! आणि कुठं? भिंतीपलीकडं! बूथला लागून महांतेशचं लग्नपत्रिकांचं दुकान. कॉम्प्युटर आहे, लातूरला महिनाभर क्लासही केलाय. एवढे दिवस शेजारी असून सुचलं नाही. सध्या पितृपंधरवडा, त्यात पुढं अधिक महिना — लग्नं नाहीत, पत्रिका नाहीत. बसलाय माश्या मारत.

"वेबसाइट म्हंजे पत्रिकाच की ताई. निस्ती छापायची न्हाई."

पैसे नको म्हणाला. त्याच्याकडं फोन नाही, माझ्याकडं फोनच्या दोन लाइनी. दुपारी बूथ रिकामा असतो तेव्हा एक त्यानं इंटरनेटला वापरायची. भिंतीला भोक पाडून वायर नेली सुद्धा. त्याची बायको म्हणाली, "आता ह्ये घरी जेवायला बी येत न्हाईत बघा."

१५ सप्टेंबर

फोटो काढून आले. फोटोवाल्यानं सवयीनं खुर्ची मांडली. "बसा ताई."

"नाही, उभी."

"कुबडी बाजूला ठिवू?"

"नाही."

बिचारा घामाघूम झाला. मी डोक्यापासून पायापर्यंत, कुबडीसकट. जांभळी साडी.

२० सप्टेंबर

फोटो आला. मी इतकी उंच आहे हे मला माहीतच नव्हतं!

मजकूरही लिहिला, पाच वेळा खोडून. "मी गंगासागर. वय तीस. राहणार केज. डावा पाय पोलिओनं अधू, कुबडी घेऊन चालते. बूथ माझा स्वतःचा. स्वयंपाक येतो. हिशेब पक्का. उन्हाळ्यात चिडचिड होते." शेवटचं वाक्य महांतेश काढू म्हणत होता. राहू दे म्हटलं. खरं आहे ते.

२७ सप्टेंबर

अजून नाही. "प्रूफ झालं की दावतो." मन कशात लागत नाही.

३० सप्टेंबर, रविवार

काय लिहू!

दुपारी महांतेशनं बोलावलं. पत्ता टाकला आणि बसलो बघत. मराठी अक्षरं दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर नीट दिसत नाहीत, म्हणून अख्खं पान त्यानं एकच चित्र केलंय. ते वरून खाली, पट्टी पट्टीनं उतरतं. आधी बेलाचं पान आणि 'श्री बसवेश्वर प्रसन्न'. मी हसले. भोवती पत्रिकेची सोनेरी वेलबुट्टी. मग माझं कपाळ, डोळे, पदर. कमरेपाशी लाइन तुटली. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आणि मग खालचा भाग आला. कुबडी नाही! उजवा हात तसाच हवेत, मूठ वळलेली, काहीच न धरता. पायांवर साडी वाढवलेली. मजकुरातली पायाची ओळ गायब. तळाला 'आपले नम्र' आणि त्याखाली तिन्ही काकांची नावं!

मी इतकी ओरडले की स्टँडवरची माणसं वाकून बघायला लागली. महांतेश गोंधळून म्हणाला, "ताई, मी मनानं कायच केलं न्हाई. प्रूफ काकांला दावलं, त्यांनी सुदारून दिलं." काका म्हणजे आमचे अप्पा. प्रूफ मुलीच्या बापाला दाखवायचं, त्याची सही घ्यायची, मगच पुढचं काम — बारा वर्षं हा हेच करत आलाय. लग्नाचं कार्ड म्हणजे गिऱ्हाईक बापच! माझं पान घेऊन हा सरळ अप्पांच्या किराणा दुकानात गेला होता.

कागद दाखवला त्यानं. लाल पेननं अप्पांचं वळणदार अक्षर. 'कुबडी काढणे. पाय झाकणे. पोलिओ नको.' खाली सही.

१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी तो कागद अप्पांसमोर ठेवला. आई चुलीपाशी. अप्पा चहा पीत होते, पीतच राहिले.

"कावून केलं, अप्पा?"

"लोक कुबडीच बघतेत पोरी. मी कुबडी लपीवली. तुला न्हाई."

"ती काढली तर मी उभी ऱ्हाईन कशी? फोटोत बी पडल की मी!"

एवढं बोलल्यावर रडूच आलं. नको होतं यायला. अप्पा टोपी घालून दुकानात गेले. चहा अर्धा तसाच.

३ ऑक्टोबर

महांतेशला सांगितलं, कुबडी परत आण, ओळ परत आण, तळाची काकांची नावं काढ. डोकं खाजवत म्हणाला, "काकांची सही?" म्हटलं, गिऱ्हाईक मी आहे, सही माझी. कागदावर सही केली, तारीख घातली. तेव्हा कुठं बसला कामाला. वेलबुट्टी मात्र ठेव म्हटलं. छान आहे ती.

८ ऑक्टोबर, सोमवार

झालं! या वेळी डोळे मिटूनच बसले होते. महांतेश म्हणाला, "बघा आता." उघडले. मी. सगळी. उजव्या हाताखाली कुबडी, मागं निळा पडदा. दहा मिनिटं नुसती बघत होते, मीटर चालू. राजेश्वरनं पुण्याहून बघितलं, लगेच फोन केला — "ताई, एकदम झकास! चिडचिडीचं वाचून सगळं ऑफिस हसलं." हसू दे की. आईला महांतेशच्या दुकानात आणून दाखवलं. तिनं पडद्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "दृष्ट लागल."

अप्पांना बघायला या म्हटलं नाही.

२१ ऑक्टोबर

अप्पा अजून कामापुरतंच बोलतात. मीठ दे, दार लाव. तसे माझ्यावर चिडलेले वाटत नाहीत. जेवताना माझ्याकडं बघतात, मी बघितलं की ताटात बघतात. मला वाईट वाटतं. पण पान उतरवणार नाही.

५ नोव्हेंबर

मुखेडहून स्थळ आलंय. मुलगा बँकेत कॅशियर. अप्पांनी बायोडाटा पाठवला, जुनाच, बसलेल्या फोटोचा. आईकडून कळलं. पुन्हा तेच पोहे! मुखेडला मी स्वतःच फोन करणार होते. आई म्हणाली, "दिवाळी होऊ दे." बरं.

१८ नोव्हेंबर, रविवार

दुपारी अप्पा बूथवर आले. कधीच येत नाहीत. "मुखेडचा नंबर लावून दे." दिला लावून. मी काचेचं दार ओढून घ्यायला गेले, तर म्हणाले, "राहू दे उघडं." आणि ओरडून, एसटीडीवर ओरडतात तसं —

"रुद्रप्पा बोलतोय, केजहून! बायोडाटा भेटला का? त्यात एक लिवायचं ऱ्हायलं. आमची गंगा डाव्या पायानं अधू हाय. कुबडी घेऊन चालती. उभा फोटो हाय तिचा, कॉम्प्युटरवर. आधी बघा. पटलं तर या."

मग चष्मा लावला. खिशातून महांतेशच्या अक्षरातली चिठ्ठी काढली आणि माझ्या पानाचा पत्ता एकेक अक्षर बोट ठेवून सांगितला. पार शेवटपर्यंत.

"घेतलं का समदं? आता वाचून दावा."